कंपनी गावाला विचारतेय, "काय पाहिजे?" मग काय मागावं?

कागलकरीण
नमस्कार मंडळी. आमचं गाव पंचतारांकित एमआयडीसीच्या कडेला. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गेल्या आठवड्यात एका कंपनीच्या एचआरचा फोन आला, मागोमाग पत्र. "सीएसआर निधीतून आपल्या गावात उपक्रम राबविण्याचा मानस आहे, प्रस्ताव आठ दिवसांत पाठवावा." सीएसआर म्हणजे कंपनीनं समाजाच्या कामासाठी खर्चायचा पैसा. पत्रात आकडा नाही, तोंडी पंधरा-वीस लाखांपर्यंत म्हणाले. मार्चच्या आत उरकायचंय म्हणे.

मासिक सभेत नुसता कालवा. सरपंचांना स्वागत कमान पाहिजे. गुरुजींना डिजिटल फळा. तालमीच्या पोरांना ओपन जिम. बायकांचं म्हणणं शुद्ध पाण्याचं मशीन बसवा. तसलं एक आधी दुसऱ्या कंपनीनं दिलं होतं, ते बंद पडून त्या खोलीत आता ग्रामपंचायतीच्या मोडक्या खुर्च्या आहेत.

माझ्या डोक्यात वेगळंच आहे. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकडेनं रात्रीच्या काळ्या वाळूच्या ट्रॉल्या रिकाम्या होतात. कुठल्या कारखान्याच्या, कुणी सांगत नाही. वारं सुटलं की ती सोयाबीनवर बसते. हे सभेत काढलं तर एक काका म्हणाले, "देणारा दारात आलाय, आत्ता भांडण कशाला काढायचं?"

तर प्रश्न दोन. काय मागावं? आणि कंपनी देते ते उपकार म्हणून घ्यायचं का हक्क म्हणून? कारखान्यांमुळं पोरांना काम मिळालं, जमिनीला भाव आला, गावात दुमजली घरं झाली, हे मला मान्य आहे. म्हणूनच भांडायला जीभ रेटत नाही.

तांबडा_पांढरा
कमानच मागा. वर कंपनीचं नाव, मध्ये सरपंचांचं, खाली जागा उरली तर गावाचं.

नाद_नको
आणि पलीकडच्या बाजूला "पुन्हा या" नको, "वाळू टाकायला पुन्हा या" लिहा.

वहीखाते
ताई, मी सीए आहे, आधी कायद्याचं सांगतो म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. १ एप्रिल २०१४ पासून लागू. ज्या कंपनीचं नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करणं बंधनकारक. म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न निम्मा सुटला. उपकार नाहीत, कायदा आहे. मात्र ते पैसे *तुमच्याच* गावाला द्या असं कायदा म्हणत नाही. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, एवढंच म्हणतो.

मार्चच्या घाईबद्दल. काम एका वर्षात संपणारं नसेल तर कंपनी ते 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करू शकते. उरलेले पैसे वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे आणि पुढं तीन वर्षांत खर्चायचे. २०२१ पासून हे नियम कडक झालेत. तेव्हा "मार्चच्या आत उरका" ही त्यांची सोय आहे. तुमच्यावर तसली सक्ती नाही.

आता महत्त्वाचं. दुसऱ्या कुठल्याही कायद्यानं जे कंपनीला करावंच लागतं, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. टाकाऊ वाळूची विल्हेवाट, सांडपाणी शुद्ध करणं, हे त्यातलंच. ओढ्यातली वाळू सीएसआरच्या प्रस्तावात घातलीत तर त्यांनी न केलेल्या कामाचे त्यांनाच गुण मिळतील. त्याचं पत्र वेगळं, पत्ता वेगळा: प्रदूषण नियंत्रण मंडळ, कोल्हापूर. कंपनीनं दिलेल्या मशीनचा फोटो आणि ओढ्याचा फोटो एका पाकिटात घालू नका.

कमान 'ग्रामीण विकास' म्हणून ओढूनताणून बसवतात काही जण. बसवू नये असं माझं मत.

कागलकरीण
सर, हे "वेगळं पत्र" आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद.

उद्यमनगरचा_नातू
असा कायदा करणारा भारत जगातला पहिला देश ना? जगात भारी!

वहीखाते
तसं सगळीकडं छापून येतं. इंडोनेशियानं २००७ मध्ये खाणी-जंगलांशी संबंधित कंपन्यांना आणि मॉरिशसनं २००९ मध्ये थेट नफ्याच्या २ टक्के असा नियम केला होता. आपला मोठा आहे, पहिला नाही.

नाद_नको
तरी भारीच.

भट्टीवाला
धागा वाचून गप बसणार होतो. पण काळी वाळू म्हटली की बोट आमच्याकडंच येतं, म्हणून लिहितो. गोकुळ शिरगावला छोटी फौंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. वडिलांनी सुरू केली. आम्ही त्या ५ कोटी नफ्याच्या आसपाससुद्धा नाही, स्वप्नातसुद्धा नाही.

वाळू काळी का होते ते सांगतो. साच्यासाठी सिलिका वाळूत बेंटोनाईट (एक चिकट माती) आणि कोळशाची पूड मिसळतात. त्यावर चौदाशे अंशाच्या आसपासचा लोखंडाचा रस पडतो. वाळू पुन्हा पुन्हा वापरतो, पण दर फेरीला थोडी मरते, ती काढून नवी घालावी लागते. कोअरची (साच्याच्या आतल्या गाभ्याची) वाळू रेझिनची असते, ती वेगळी भानगड. ही मेलेली वाळू रोजच्या रोज निघते. ती धुऊन-भाजून परत वापरायची यंत्रणा आहे, पण ती एकट्या छोट्या माणसाच्या आवाक्यातली नाही. पेव्हर ब्लॉकवाले, विटावाले थोडी नेतात. बाकीची ट्रॉलीवाला घेऊन जातो. ट्रॉलीमागे पैसे घेतो आणि कुठं टाकतो ते विचारायचं नाही हा अलिखित करार. मी विचारतो. सगळे विचारत नाहीत.

आता दुसरी बाजू. आमचं कास्टिंग (ओतलेला सुटा भाग) मशीन शॉपला जातं, तिथून पुण्याच्या मोठ्या गाडी कंपनीला. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीनं बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि समाजाबद्दलच्या जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. तो त्यांनी भरायचा, पण प्रश्नावली खाली आम्हाला येते. वीज किती, पाणी किती, बायका किती, सुरक्षा समिती आहे का, धोरण छापलंय का. ऑडिटला कोट घातलेला पोरगा येतो, भट्टीजवळ दोन मिनिटं थांबतो, घाम पुसतो, चहा घेतो आणि लिहितो "सुधारणेस वाव". वाव आहेच की! त्यासाठी लागणारा पैसा रेटमध्ये दे म्हटलं तर खरेदी विभाग म्हणतो, "या वर्षी तीन टक्के कमी करा."

ऑडिट विभाग आणि खरेदी विभाग एकाच इमारतीत बसतात. एकमेकांना कधी भेटत असतील का, ही माझी शंका आहे.

आणि पेमेंट. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा, ४५ दिवसांच्या वर पैसे थकवायचे नाहीत. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचं ४३बी(एच) आलं: सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल वेळेत दिलं नाही तर देणाऱ्याला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट नाही. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं प्रेमानं सुचवलं, "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून नोंदणी) काढून टाकता का? म्हणजे आम्हाला सोपं पडेल." नाव घेत नाही, अजून बिल यायचंय.

लग्नातल्या मानपानासारखं चाललंय. मान वरच्यांना, खर्च आमच्याकडं. त्यांच्या वार्षिक अहवालात हिरवी पानं छापतात. त्यातलं हिरवं आमच्या नव्वद दिवसांच्या उधारीवर उगवलेलं असतं.

ताई, तुमच्या ओढ्याची वाळू माझी नाही. पण आमच्यातल्याच कुणाची तरी आहे, हे खरं.

तांबडा_पांढरा
भट्टीवाले, शेवटच्या दोन वाक्यांना मानलं. खटक्यावर बोट.

पंचगंगेकाठी
कागलकरीण ताई, तुमचा ओढा जाऊन शेवटी पंचगंगेलाच मिळणार आणि पंचगंगा येणार आमच्या शिरोळला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, वर असताना चांगलं पाणी आहे हो. प्रयाग चिखलीपर्यंत हात जोडावं असं. तिथून खाली जयंती नाला, दुधाळी नाला, शहराचं मैलापाणी, कारखान्यांचं पाणी, इचलकरंजीचं कापड प्रोसेसचं पाणी. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आणि बाकी केंदाळ (जलपर्णी). नरसोबाच्या वाडीला संगमावर लोक श्रद्धेनं बुडी मारतात. आम्ही गावचे, आम्ही पाय धुवून येतो.

शिरोळमध्ये घराघरांत आजारपण आहे. कशानं ते डॉक्टरांनी सांगावं. पण पिण्याचं पाणी विकत घेतो हे मी सांगतो. आणि त्या पाण्याचं मशीन कुणी दिलं? सीएसआरनं! नदी घाण करणारे तेच आहेत असं म्हणत नाही, पण पाटीवरची रंगीत नावं बघितली की हसू येतं.

उसाचा_फड
आता सगळं खापर कंपन्यांवर फोडू नका आणि साखर कारखान्यांवर तर मुळीच नको. या जिल्ह्यात रस्ता, शाळा, दवाखाना, कॉलेज कुणी आणलं? सहकारानं. वारणानगरला जाऊन बघा, तात्यासाहेब कोरेंनी माळावर काय उभं केलं. तेव्हा कलम १३५ नव्हतं. गोकुळ दूध संघ १९६३ पासून आहे, दर दहा दिवसाला दुधाचं बिल घराघरांत, त्यावर बायकांचा संसार चालतो. विकास म्हणजे हा. दोन टक्क्याची भीक नव्हे.

पंचगंगेकाठी
दादा, दुधाच्या बिलाला माझी आई पण हात जोडते. पण मळी आणि सांडपाणी नदीत सोडलं तर ते सहकारी म्हणून गोड होतं काय? 'सहकारी' पाटी लावली की पाप धुतलं जातं असा काही नियम आहे?

नाद_नको
आणि एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) १४ दिवसांत द्यायची असा १९६६ चा आदेश आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. फडवाले, व्याज कधी घेतलंय का?

उसाचा_फड
व्याजाचं नाव काढलं तर पुढच्या वर्षी तोड येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, उगाच विचारू नका.

नाद_नको
झालं की मग. भट्टीवाल्यांची उधारी आणि तुमची उधारी, एकच रडगाणं.

दूरचा_कोल्हापूरकर
पुण्यात असतो, अर्थशास्त्र शिकवतो. थोडा थंड डोक्यानं मुद्दा मांडतो, शिव्या नंतर घाला.

मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडलं की नियम पाळून नफा कमावणं हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी. लोकांना हे वाक्य निर्दय वाटतं, पण त्यातलं 'नियम पाळून' सगळे विसरतात. गरीब देशाला सर्वांत जास्त काय लागतं? शेतीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला पगाराचं काम. जागतिक बँकेच्या हिशोबानं चीननं चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोकांना अतिगरिबीतून वर काढलं. कमानी बांधून आणि चष्मे वाटून काढलं नाही. कारखान्यांनी काढलं.

कागलकरीण, तुमच्या गावात दुमजली घरं झाली ती या दोन टक्क्यांनी झाली नाहीत, पगारांनी झाली. छोट्या उद्योगावर अहवाल, ऑडिट, परवाने यांचा बोजा वाढला की तो वाढायचं थांबवतो. मुद्दाम लहान राहतो. कोल्हापूरचे उद्योजक वीजदरावरून कर्नाटकात जायची भाषा किती वर्षं करताहेत? सीमा ओलांडली की निपाणी. कारखाना गेला तर ओढा स्वच्छ होईल, पण पोरं पुण्याला जातील. माझ्यासारखी.

भट्टीवाला
सर, पटलं निम्मं. पण आम्ही लहान राहतो ते नियमांमुळं कमी आणि पैसे अडकल्यामुळं जास्त. खेळतं भांडवल गिऱ्हाइकाकडं बिनव्याजी पडलेलं असतं. ते वेळेत आलं तर वाळू भाजायच्या सामाईक प्लांटची वर्गणी मीच पहिली भरीन.

सांचा_आणि_धोटा
मी इचलकरंजीचा, मागावर वाढलेलो. प्रोफेसरसाहेब, "आधी वाढ, मग बाकीचं" हे ऐकलं की मला सावर आठवतं.

ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा इमारत. २४ एप्रिल २०१३. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले सगळ्यांनी बघितले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या शिवणकारखान्यांत मात्र पोरींना कामावर चढवलं, कारण ऑर्डर जायची होती. अकराशेच्या वर माणसं मेली. बँकेला तडा दिसतो आणि शिवणाऱ्या बाईला दिसत नाही असं नसतं. तिला सुट्टीचा पगार कापला जाईल हे जास्त स्पष्ट दिसतं.

पण खरा मुद्दा पुढं आहे. त्यानंतर युरोपातल्या ब्रँडांनी कामगार संघटनांबरोबर करार केला, तोही कायद्यानं बांधील. स्वतंत्र इंजिनिअर इमारती तपासणार, अहवाल जाहीर करणार, दुरुस्तीचा खर्च निघेल याची व्यवस्था ब्रँडनं बघायची. सगळे रडले की धंदा व्हिएतनामला जाईल. गेला का? बांगलादेशची कपड्यांची निर्यात पुढच्या दहा वर्षांत वाढलीच. म्हणजे जबाबदारी घातली की वाढ मरते हे खोटं आहे. ती कुणाच्या खांद्यावर घालता यावर सगळं आहे. तिथं वरच्यावर घातली. इथं भट्टीवाल्यावर घालतात.

आमच्याकडं आता महापालिका झाली, २०२२ ला. प्रोसेसवाल्यांचं पाणी अजून तिथंच.

दूरचा_कोल्हापूरकर
चांगलं उदाहरण आहे. तो करार सक्तीचा होता, आणि मी "नियम पाळून" म्हणालोच होतो. आपल्यात वाटतो तितका वाद नाही.

सांचा_आणि_धोटा
आहे की. तुम्ही नियम आहेत असं धरून चालता. आम्ही ते रात्री ट्रॉलीतून ओढ्यात पडताना बघतो.

म्हातारा_वाचक
भोपाळची वायुगळती, १९८४. त्या वेळी मी नोकरीला लागलो होतो. ४७ कोटी डॉलरमध्ये १९८९ ला तडजोड झाली. वाढीव भरपाईचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये फेटाळला. तरुण मंडळींनी माहिती असावं म्हणून लिहिलं. चालू द्या.

कापशीचं_पायताण
अवांतर होईल, पण राहवत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या ब्रँडनं आमच्यासारख्याच चपला पोरांच्या पायात घालून चालवल्या. कोल्हापूरचं नाव कुठंच नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. ओरडा झाल्यावर त्यांनी प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं इथं येऊन गेली आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. बरं झालं.

आमच्या गल्लीतलं सांगू? करार झाला त्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं, "काय, आता लाखाची चप्पल?" आमचा काका अजून तेवढ्याच दरात दुकानदाराला जोड देतो. कातडं महाग, बाभळीची साल-हिरडा महाग, पोरं शिकायला तयार नाहीत. कंपनीची जबाबदारी म्हणजे काय विचाराल तर आमचं एकच: नाव घाला आणि दर द्या. नुसतं नाव नको.

तांबडा_पांढरा
अवांतर कसलं, मुद्द्यावरच आहे. भट्टीवाल्याला दर, फडवाल्याला दर, काकांना दर. मी मिसळीला दर वाढवला तर मात्र सगळे मोर्चा घेऊन येतात.

उद्यमनगरचा_नातू
राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी पेठ वसवली, १९०६ ला मिल काढली, राधानगरीचं धरण...

नाद_नको
आले! मी वाटच बघत होतो. कोल्हापूरकरांचा कुठलाही धागा तिसाव्या प्रतिसादाच्या आत शाहू महाराजांपर्यंत पोचतो.

उद्यमनगरचा_नातू
पोचणारच. त्यांनी उद्योग आणले आणि त्याच काळात १९०२ ला नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासांना ठेवल्या. पेठ आधी आणि माणसं नंतर बघू, असं केलं नाही. तुमच्या प्रोफेसरांना सांगा.

म्हातारा_वाचक
टाटांनी जमशेदपूरला १९१२ मध्ये आठ तासांची पाळी लावली. देशात कारखाना कायदा त्या अर्थानं १९४८ चा. किर्लोस्करवाडी १९१० ची, माळावरची वसाहत, कामगारांना घरं. म्हणजे कायद्याच्या पुढं चालणारे मालक आपल्याकडं होऊन गेलेत. आताचे कायद्याच्या मागं दोन टक्के चालतात.

ठेक्यावरचा
लई मोठी मानसं बोलाय लागल्यात. मी शेकआऊटला हाय. तापल्याला साचा फोडून कास्टिंग बाहेर काडायचं. धूळ म्हंजे समोरचा मानूस दिसत न्हाई.

आडिट आसलं की सकाळी बूट, हेल्मेट, मास्क वाटत्यात. संध्याकाळी परत जमा. नवीन राहिलं पायजे न्हवं पुढच्या आडिटला. ओटी डब्बल आसती म्हनं, आमाला सिंगल. ठेकेदार म्हनतोय कंपनी देत न्हाई, कंपनी म्हनती ठेकेदाराला इचारा.

मागच्या साली गावात कंपनीचं आरोग्य शिबिर झालं. डोळं तपासलं, चष्मं दिलं. शुगर बघितली. छातीचा एक्सरे कुनीच काडला न्हाई. आमच्या शिफ्टातलं दोघं खोकून खोकून काम सोडून गेल्यात. टीबीची गोळी चालू हाय, गुन न्हाई.

आमच्या संगट ओरिसाची, बिहारची पोरं हाईत. गावची पोरं म्हनत्यात भट्टीवर नको. आता कळलं का कशानं नको ते.

वहीखाते
दादा, टीबीच्या गोळीनं गुण नाही याचा अर्थ डॉक्टरला "मी वाळूत काम करतो" हे सांगायलाच हवं. सिलिकाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस टीबीसारखाच दिसतो, एकदा झाला की बरा होत नाही, पण कायद्यानं सरकारला कळवावाच लागणारा व्यावसायिक आजार आहे. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आहे का? असेल तर भरपाईचा हक्क लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात नेमणूकपत्र सक्तीचं आहे आणि चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षाला मोफत तपासणी. नेमणूकपत्र मागा. ते नसेल तर त्या मशीनवर तुम्ही होतात हेच सिद्ध होत नाही.

ठेक्यावरचा
कार्ड हाय. नंबर चालत न्हाई.

भट्टीवाला
ठेक्यावरचे, नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. बघतो काय झालंय ते.

आतला_माणूस
नाव आणि कंपनी सांगत नाही. अशा पत्रांच्या दुसऱ्या टोकाला मी बसतो. सीएसआर विभाग म्हणजे आमच्याकडं दोन माणसं आणि एक इंटर्न. निर्णय मुंबईत होतो. तिथल्या समितीपुढं एक स्लाईड जाते, एका स्लाईडवर एक फोटो. ज्याचा फोटो चांगला येतो ते मंजूर होतं. गटार, मलनिस्सारण, धूळ यांचा फोटो चांगला येत नाही. शाळकरी मुलगी आणि टॅब, लगेच सही.

कागलकरीण, तुमच्या बंद मशीनची गोष्ट आमच्याकडं डझनाच्या हिशोबानं आहे. मशीन देतात, वीजबिल आणि फिल्टर कुणी भरायचा हे कुणी लिहीत नाही. म्हणून काहीही मागा, पण प्रस्तावात तीन वर्षांची देखभाल, माणसाचा पगार आणि वीज मागा. वर वहीखात्यांनी सांगितलेल्या 'चालू प्रकल्पा'त हे बसतं. समिती कुरकुरते, पण गाव अडून बसलं तर देते. कारण मार्चला खर्च दाखवायची गरज आम्हाला आहे, तुम्हाला नाही. हे मी लिहिलं म्हणून कुठं सांगू नका.

आणि हो, कमान मागणारी गावं आमच्या आवडीची. एकदा बांधली की परत फोन येत नाही.

तांबडा_पांढरा
मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो!

दूरचा_कोल्हापूरकर
आतला माणूस, एक प्रामाणिक प्रश्न. हेच दोन टक्के सरळ कर म्हणून घेतले आणि जिल्हा परिषदेला दिले तर?

आतला_माणूस
तर कंपनीचं नाव पाटीवर येणार नाही. मग कुणाचा विरोध असेल ते ओळखा.

उसाचा_फड
जिल्हा परिषदेला दिले तर कमानी डबल होतील.

कागलकरीण
दोन दिवस नव्हते, ग्रामसभा होती. सगळे प्रतिसाद छापून नेले होते (ठेक्यावरच्या दादांचा मोठ्यानं वाचला, सभेत एकदम शांत झालं, मग मागून चार बायका उठल्या. त्यांचे नवरे त्याच कामाला आहेत).

ठरलं ते असं. कंपनीला पत्र एक: गावासाठी फिरती आरोग्य तपासणी, त्यात छातीचा एक्सरे आणि फुप्फुसाची चाचणी, तीन वर्षं, दर सहा महिन्याला. जुनं पाण्याचं मशीन दुरुस्त, वीज आणि फिल्टरसकट. प्रदूषण मंडळाला पत्र दोन: ओढ्यातली वाळू, फोटो, तारखा, ट्रॉलीचे दोन नंबर पोरांनी टिपलेत. सरपंच नाराज आहेत, पण त्यांचाही पुतण्या फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला) आहे, सही केली. ते मघाचे काका म्हणाले, "भांडण नव्हे, हिशोब आहे म्हणा."

एचआरला फोन केला तर म्हणाले, "एक्सरेऐवजी नेत्र शिबिर चालेल का?"

आतला_माणूस
अपेक्षितच. एक्सरेत काही निघालं तर त्याचा मालक कोण, हा प्रश्न पुढं येतो. लेखी नकार मागा. लेखी नकार कुणी देत नाही.

वहीखाते
एक दुरुस्ती. पत्रात "कंपनीच्या कामगारांसाठी" असा शब्द चुकूनही घालू नका. फक्त स्वतःच्या कामगारांसाठीचा खर्च सीएसआरमध्ये बसत नाही आणि त्याच कारणानं ते नाकारतील. "गावातील सर्व रहिवासी" लिहा. कामगार रहिवासी आहेतच. परप्रांतीय पोरं भाड्यानं गावातच राहतात ना? तेही रहिवासी. पत्रासोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडा आणि पोच घ्या. दुसऱ्या पत्राची पोच वेगळी. सहा आठवड्यांत हललं नाही तर माहिती अधिकारात त्या भागातल्या फौंड्र्यांना मंडळानं दिलेल्या संमतीपत्रातल्या वाळूच्या अटी मागवा.

भट्टीवाला
दुसऱ्या पत्राच्या खाली आमच्या दोन-तीन फौंड्रीवाल्यांच्या सह्या चालतील का? सामाईक रिक्लेमेशनला (वाळू परत वापरात आणायच्या प्लांटला) मंडळानंच बोलवावं अशी मागणी त्यात घाला. मालकांनीच मागितलं तर वजन पडेल. सगळे सही करणार नाहीत, पण मी विचारतो.

कागलकरीण
चालतील काय, पळतील! पण तुमच्या गिऱ्हाइकानं बघितलं तर?

भट्टीवाला
त्यांच्या ऑडिटमध्ये "समाजाशी संवाद आहे का" असा रकाना आहे. तिथं लिहीन.

पंचगंगेकाठी
पत्राची एक प्रत शिरोळला पाठवा, आमच्याकडून पण जोडपत्र देतो.

ठेक्यावरचा
ताई, शिबिर ठेवनार आसला तर रविवारी ठेवू नगा. आमची सुट्टी सोमवारी आसती. आन् पयल्या पाळीची मानसं चारच्या म्होरंच मोकळी हुत्यात, तवर डाक्टर थांबाय पायजे.